प्याल्याची कड
प्रभुभोजनाचा प्याला मी चर्चमध्ये भर मंडळीत रुमालाने पुसला, एवढा अकलेचा खंदक होते मी. प्रभुभोजनाच्या द्राक्षरसासाठी मनुका उकळायला ठेवल्या की त्या वासाने हे हमखास आठवतं. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा बी.ए. झाल्याचा माज माझ्या अंगात मावत नव्हता. गिरणीपलीकडच्या आमच्या लुथरन मंडळीच्या वाढदिवसाला इतिहास वाचायला पाळकसाहेबांनी मलाच उभं केलं. आपली पहिली माणसं ख्रिस्ती होण्याआधी गावात ओंजळीने पाणी प्यायची, तेही कुणी वरून ओतलं तर, आणि इथे सगळ्यांचे ओठ एकाच प्याल्याला लागले, हे मी गळा दाटून आणून वाचलं. बाया डोळे पुसत होत्या आणि मी मनात म्हणत होते, काय आवाज आहे गं तुझा! मग आम्ही वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकले. शेजारी माझ्या आजेसासूबाई होत्या, मिश्रीने दात काळेभोर झालेल्या. त्या प्यायल्यावर पाळकसाहेबांनी प्याला माझ्यापुढे धरला, तशी मी कमरेचा सेंट मारलेला रुमाल काढला आणि कड खसाखसा पुसली. गाणारे गायचे थांबले. हल्ली आमच्याकडे प्रत्येकाला प्लास्टिकचा वेगळा, बोटभर प्याला मिळतो. तो तोंडाला लावताना त्या रुमालवाल्या बयेला मी अजून चार शिव्या घालते. त्या दिवशी चर्चच्या पायऱ्या उतरताना आजेसासूबाईंनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि त्या म्हणाल्या, "लई ग्वाड वाचलंस, पोरी. पुढच्या वर्साला वाचशील तवा तुजा रुमाल बी त्यात घाल की."