बारावी मूठ

कातारीकाकांचं सगळं नाव एका चकाकीवर उभं होतं. चाळीस वर्षं लेथवर लाकूड फिरवून त्यांनी पाळण्याचे खांब काढले, लाटणी काढली, पलंगाचे पाय काढले, आणि प्रत्येकावर लाखेचा असा हात फिरवला की गिऱ्हाईक त्यात बघून भांग पाडत असे. कुणी तेलाचं नाव काढलं की काका म्हणत, "तेल डोक्याला लावतात, लाकडाला नाही."

मग लेक हॉस्पिटलच्या व्यायाम विभागात लागली. लुळ्या पडलेल्या हातांनी दाबायच्या लाकडी मुठी तिने मोठ्या तोऱ्यात बाबांकडून करून घेतल्या. तिथे प्रत्येक रुग्णानंतर मूठ स्पिरिटने पुसतात, हे तिने सांगितलं होतं. काकांनी मान डोलावली आणि सवयीने लाखच फिरवली. लाख विरघळवतात ती स्पिरिटमध्येच, हे मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक असलेल्या माणसाने ही चूक करावी! पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या मास्तरांची बोटं चिकट मुठीवरून सुटेनात. मास्तर ओरडले, "माझा हात पुन्हा लुळा पडला!" लेकीने हे घरी सांगितलं तेव्हा काका भरल्या ताटावरून उठले.

दुसऱ्या बारा मुठींना त्यांनी जवसाच्या तेलाचे तीन हात दिले. प्रत्येक हातानंतर आठवडाभर वाळवल्या. विभागाच्या मोठ्या बाईंनी लेकीला बजावलं होतं, या वेळी बिघडलं तर प्लास्टिकच्या मागवू, आणि पुन्हा तुझी शिफारस ऐकणार नाही.

आज सकाळी खोकं भरताना शेवटच्या मुठीशी काका अडले. इतकी मळकट दिसणारी वस्तू आपल्या हातून जायची?

बायको म्हणाली, "अहो, आजाऱ्यांना द्यायच्यात. शोकेसमध्ये नाही मांडायच्या."

"बरं बाई," काका म्हणाले, आणि ती आत वळताच त्यांनी लाखेचा बोळा फिरवलाच. एकाच मुठीवर. खोड जाता जात नाही ती अशी.

आता ती मूठ मोठ्या बाईंच्या टेबलावरच्या खोक्यात, काकांनी मुद्दाम सरकवलेली, तळाला होती आणि काकांची नजर खोक्यावरून हटत नव्हती. मोठ्या बाईंनी वरची मूठ घेतली, स्पिरिटच्या कापसाने खसाखसा पुसली, घट्ट दाबून सोडली. दुसरी घेतली. मग तिसरी. काही चिकटलं नाही. भिंतीशी उभी लेक काकांकडे बघून हसली.

"छान. ठेवून घेते," बाई म्हणाल्या.

सुटलो, काकांना वाटलं. तळची मूठ काहीतरी निमित्त काढून परत न्यायची, कुणाला पत्ताही लागायचा नाही. तेवढ्यात बाईंनी खोकं टेबलावर रिकामं केलं आणि नेमकी तीच उचलली.

"अरे वा! ही किती देखणी आहे! काका, सगळ्यांना अशीच चकाकी द्या की."

चाळीस वर्षं याच शब्दांवर काका जगले होते. लेक कौतुकाने त्यांच्याकडे बघत होती. काकांना मात्र मास्तरांची न उघडणारी बोटं दिसायला लागली.

"आणा ती इकडे," ते म्हणाले. कापूस घेऊन त्यांनी मूठ स्वतःच पुसली आणि तळहातात आवळली. बोटं उघडताना चर्र आवाज झाला. "ही लाख आहे. सकाळी माझ्याच हाताने लावली. पोरीला माहीत नव्हतं. तिला बोल लावू नका."

बाईंनी बाकीच्या मुठी खोक्यात भरल्या. "अकरा ठेवते," त्या म्हणाल्या. "बारावी खरवडून आणा. तेलाची."

बाहेर पॅसेजमध्ये लेक भराभर पुढे चालली. काका मान खाली घालून चालत राहिले. जिन्यापाशी तिने एकदम त्यांचा हात धरला. चिकट तळव्याला तिची बोटं चिकटली.

"हात धुवा आधी, बाबा," ती म्हणाली, आणि खालच्या मजल्यापर्यंत तिने तो सोडला नाही.