भिमाबाईचं दादरचं बी

नवऱ्याला, बारकूला, सिल्वासाकडच्या मसाट गावी धाग्याच्या कारखान्यात काम लागलं, तेव्हा भिमाबाई साक्रीकडचं गाव सोडून त्याच्यामागे आली. बाकीच्या बायका भांडीकुंडी आणतात, आमच्या या बयेने आणलं एक मडकं! त्यात राखेत घोळलेलं दादर ज्वारीचं बी होतं, सासूच्या हातचं. गावी धाकट्या दिराने, वाळूने, कंपनीचं संकरित बी पेरायला घेतलं होतं आणि जुनं बी कोंबड्यांना टाकायला निघाला होता. तिने ते त्याच्या हातून हिसकावलंच म्हणा ना.

सासूने मरताना बजावलं होतं, "हे दळायचं नाही. आणि आपल्या वावरात पडल्याशिवाय परक्याच्या ओटीत घालायचं नाही."

दर दिवाळीला ती वाळूच्या मागे लागायची, "भाऊजी, दोन तास, दोन ओळी तरी दादर पेरा." तो हसायचा. शेजारची दुर्गा, तिचं सिल्वासाजवळ वावर होतं, ती म्हणाली, "मूठभर दे ना, लावून बघते." भिमाबाईने चक्क नाही म्हटलं. शब्द म्हणजे शब्द! अगं बाई, तेवढं दिलं असतंस तर? पण तिला तरी कोण सांगणार.

अशी वर्षं गेली. मग एका साली वाळूने कंपनीचंच बी घरी राखून पेरलं. अर्धी ताटं उंच, अर्धी खुजी, कणसं पोचट. दुकानदार म्हणाला, "दरवर्षी नवं घ्यायचं असतं, बाबा." गावात दादर शोधली, तर कुणाच्याच घरी निघेना. तेव्हा वाळू मसाटला आला, मान खाली घालून.

"वहिनी, ते मडकं आहे का अजून?"

"आहे म्हणजे काय!" भिमाबाईला आनंदाने रडूच आलं. तिने ओल्या गोणपाटात दाणे गुंडाळले, पेरण्याआधी सासू करायची तसे.

वाळू मुक्कामालाच राहिला. तिसऱ्या दिवशी गोणपाट उघडलं. एकालाही मोड नव्हता. दुसरे घातले, तेही तसेच. नुसते फुगून कुजले. इतकी वर्षं स्टोव्हच्या धगीत, न पेरता ठेवलेलं बी, ते जगणार कसं?

वाळू चहा न घेताच उठला. जाताना त्याने यंदा दुकानदाराकडून कोणतं बी आणायचं ते बारकूला विचारलं.

भिमाबाईने मडक्यातली राख चाळली, दाणे धुतले, वाळवले आणि गिरणीत नेले. संध्याकाळी भाकरी केल्या. बारकू म्हणाला, "अगं, आईच्या हातची चव आहे, अजून आहे का पीठ?"

"नाही," ती म्हणाली, आणि उरलेली भाकरी त्याच्या ताटात वाढली.