दोनदा आलेली सोळा पानं

मला पुस्तकं वाचण्यापेक्षा सुचवायला जास्त आवडतं. हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली, आणि कळलं ते काही सुखासुखी कळलं नाही.

परतूरच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी आम्ही सहाजण बसायचो. एक निवृत्त पोस्टमास्तर, एक आडत व्यापारी, बँकेतले एक साहेब, माझ्याच कॉलेजातले दोन प्राध्यापक आणि मी. मी भौतिकशास्त्र शिकवतो. त्यामुळे यंत्रमानव, परग्रह, कालप्रवास आणि त्यांच्या जोडीने जादूगार, राक्षस, उडती शहरं असं सगळं आपोआप माझ्या खात्यात आलं होतं. बाकीची मंडळी आत्मचरित्रं आणि ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणारी. त्यांना या वाटेला लावायचा मी विडाच उचलला होता, आणि रविवारची वाट मी त्यासाठीच बघायचो.

आमच्यात एक पद्धत होती. सुचवलेल्या पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर एक चिठ्ठी डकवायची. सुचवणाऱ्याने वर चार ओळी लिहायच्या, आणि पुढे जो वाचेल त्याने खाली आपली एकेक ओळ जोडायची. शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय चिठ्ठीवर कुणी पेन टेकवायचं नाही, असा नियम होता. तो नियम मीच केला होता. केला तेव्हा चांगली पंधरा मिनिटं भाषणही ठोकलं होतं.

मग आमच्यात एक ताई यायला लागल्या. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्यावर त्यांच्या यजमानांचं बी-बियाणांचं दुकान. दोघंही गल्ल्यावर बसायचे. रब्बीची पेरणी उरकली की थेट मे महिन्यापर्यंत दुकानात माशा मारायची वेळ, तेवढ्यात ताई वाचायच्या. शिक्षण बारावी, तेही गणितात एकदा गटांगळी खाऊन. हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतःच सांगितलं. "आमचे हे म्हणतेत, हिसाबात नापास झालेल्या बाईला इज्ञानाच्या पुस्तकातलं काय कळतंय! म्हणलं बघू तरी कळतंय का."

मी त्यांना आधी एक जादूच्या राज्याची कादंबरी दिली. आठ दिवसांत वाचून परत. कशी वाटली विचारलं तर म्हणाल्या, "चांगली हाय. पर एवढं मोठं राज्य, हजारानं सैन्य, आन् पुऱ्या पुस्तकात कुणी पेरणी करताना दिसत न्हाई. खातेत काय हे लोक?" सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो. आज वाटतं, त्या खोलीत पुस्तकाविषयी बोललं गेलेलं ते सगळ्यांत शहाणं वाक्य होतं, आणि मी ते गमतीवारी नेलं. त्या मात्र मागत राहिल्या आणि मी देत राहिलो. वर्षभरात त्यांनी माझ्या सांगण्यावरून चौदा-पंधरा पुस्तकं संपवली असतील. त्यातली सगळी मी वाचलेली होती असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

त्याच सुमारास संभाजीनगरच्या एका पुस्तक प्रदर्शनात निम्म्या किमतीच्या ढिगातून मी एक जाडजूड अनुवादित कादंबरी उचलली. खाणीत काम करणारा एक अभियंता काळात मागे जातो आणि आपल्या भावाला वाचवायला बघतो, अशी काहीतरी गोष्ट. परतीच्या गाडीत चाळीसेक पानं वाचली, रांजणी स्टेशनच्या अलीकडे डोळा लागला. पुढे ते राहिलं ते राहिलंच. पण रविवार तोंडावर होता आणि माझ्याकडे नवीन काही नव्हतं. मी मलपृष्ठावरच्या मजकुरावरून चार ओळी जुळवल्या, चिठ्ठी डकवली आणि शेवटी फुशारकीने लिहिलं की हे पुस्तक पचवायला वाचक तयारीचा लागतो.

पुस्तक फिरलं. पोस्टमास्तरांनी खाली लिहिलं, 'विचारप्रवर्तक.' बँकेतल्या साहेबांनी लिहिलं, 'सरांशी सहमत.' दोन्ही प्राध्यापकांनी आणि आडत्यांनीही आपापली ओळ जोडली. पाच माणसं, पाच ओळी. मग ते ताईंकडे गेलं.

त्यांनी पंधरा दिवस घेतले. एवढे कधी लागत नसत. रविवारी पुस्तक मांडीवर ठेवून त्यांनी चाचरत विचारलं, "सर, ते मधी गोष्ट पुन्हा मागं जाती. तेच खाणीतलं, तेच भांडण, बराबर तसंच्या तसं. आन् मंग एकदम भाऊ मेलेला. ते कशामुळं? पानाचे आकडे बी मागं गेले."

मला काही म्हणजे काही कळलं नाही. पण पाचजणांसमोर विज्ञानाच्या माणसाने तसं कबूल कसं करायचं? मी खुर्चीत मागे रेललो आणि म्हणालो, "अहो, तीच तर या पुस्तकाची गंमत आहे! काळ सरळ रेषेत जात नाही, हेच तर लेखकाला दाखवायचंय. घाई करू नका. पुन्हा एकदा शांतपणे वाचा." पोस्टमास्तर म्हणाले, "अगदी." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

ताईंनी ते पुन्हा वाचलं. आणखी एकदा वाचलं. मग एका रविवारी पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाल्या, "न्हाई झेपत सर. तुम्हा सगळ्यांना कळलं, मला तीनदा वाचून न्हाई. माझं डोकंच तेवढं न्हाई. घरी बी तेच म्हणून राह्यलेत." चिठ्ठीवर त्यांनी काही लिहिलं नव्हतं. नियम पाळणाऱ्या त्या एकट्याच निघाल्या, हे मला पुढे कळायचं होतं. त्यानंतर त्या आल्या नाहीत. आम्ही दोन रविवार हळहळलो, मग दुकानाचा व्याप असेल म्हणून सोडून दिलं.

दीड वर्षाने, म्हणजे गेल्या उन्हाळ्यात, पाय मुरगळून मी घरी पडलो. हाताशी आलं ते हेच पुस्तक. म्हटलं आता तरी वाचू. एकशे अठ्ठावीस पानांपर्यंत मजेत गेलो. पुढचं पान एकशे तेरा. तेच खाणीतलं, तेच भांडण. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही वाटलं की ही लेखकाची करामत असेल! मीच पसरवलेल्या बातमीवर मीच विश्वास ठेवला. मग पानं मागेपुढे केली. बांधणी करताना एक फर्मा, म्हणजे सोळा पानं, दोनदा घातला होता, आणि पुढचा फर्मा गाळला होता. दुसऱ्या एकशे अठ्ठाविसाव्या पानानंतर थेट एकशे पंचेचाळीस. भाऊ का मेला ते गाळलेल्या पानांत. ते कुणालाच कळणं शक्य नव्हतं.

मी चिठ्ठीचं पान उघडलं. पाच ओळी. 'विचारप्रवर्तक.' मला एकट्याला घरात बसून इतकी लाज वाटली की मी पुस्तक उशीखाली सारलं. त्या बाईने तीन वेळा तुटकं पुस्तक वाचलं, बरोबर जागी बोट ठेवलं, आणि आम्ही सहा शहाण्यांनी मिळून तिला तिचं डोकं कमी असल्याचं पटवून दिलं होतं.

पाय बरा झाल्यावर पुस्तक पिशवीत घालून मी दुकानात गेलो. जूनचे दिवस. कपाशीच्या बियाण्याला झुंबड. घनसावंगीकडचे चार-पाच शेतकरी गल्ल्याला खेटून उभे होते. ताई पावत्या फाडत होत्या, यजमान मागे गोदामात होते. मला बघून ताईंनी स्टूल पुढे केलं. जरा उसंत मिळाली तसं मी पुस्तक काढलं, पानं दाखवली आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. चाळीस पानांचंही सांगितलं.

त्यांनी पानांचे आकडे स्वतः बोट ठेवून तपासले. "म्हंजी तुम्ही वाचलंच न्हवतं?"

"नाही."

"आन् बाकीच्यांनी?"

"कुणीच नसावं."

"मंग मी एकटीनंच वाचलं व्हय!" त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा उजळला होता. मला हायसं वाटलं. वाटलं, सुटलो.

तेवढ्यात यजमान खांद्यावर पोतं घेऊन बाहेर आले. "काय म्हणतेत सर? आज इकडं कसं काय?"

ताई पावतीपुस्तक बाजूला सारून थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. त्या कशाची वाट बघतायत ते मला अगदी स्पष्ट कळत होतं. नवऱ्यासमोर, माझ्या तोंडून, दोन वाक्यं.

मी म्हणालो, "काही नाही, त्या पुस्तकात छपाईची चूक निघाली. तेवढं सांगायला आलो होतो."

"अस्सं! दीड वर्ष झालं, हिनं पुस्तकाला हात लावला न्हाई. म्हणती, मला कळंना." यजमानांनी पोतं उतरवलं, घाम पुसला, आणि अगदी साध्या मनाने विचारलं, "मंग सर, तुम्ही वाचलं तव्हा तुम्हाला न्हाई दिसली का चूक?"

सगळं दुकान कान देऊन ऐकतंय असं मला वाटलं. तसं काही झालं नसेल, शेतकऱ्यांना माझ्या पुस्तकाशी काय देणंघेणं? त्यातला एक माझ्या विद्यार्थ्याचा बाप होता, एवढंच मला दिसत होतं. मी पुस्तक पिशवीत सारायला लागलो.

ताईंनी माझ्यावरची नजर काढली. पावतीपुस्तक जवळ ओढलं. "सरांना कॉलेजची कामं कमी असतेत का," त्या यजमानांना म्हणाल्या. "एखाद्या वेळी न्हाई येत ध्यानात. मी तर तीनदा वाचलं. मलाच दिसायला पाह्यजे होतं."

यजमान हसले. म्हणाले, "तेच तर मी म्हणतो."

आणि मी मान डोलावली.