साहेबराव टाईमकीपरची सरासरी

लासुर्ण्यात साहेबरावला शिव्या घालणारी माणसं अजून आहेत, आणि त्यातली निम्मी त्याच्याच भावकीतली आहेत. साखर कारखान्यात तो एकतीस वर्षं टाईमकीपर होता. गेटच्या आत काचेची केबिन, भिंतीवर घड्याळ, टेबलावर हजेरीचं मस्टर. भोंगा झाला की निळा पेन उघडायचा, दहा मिनिटं झाली की लाल. चुलतभाऊ गेणबा एकदा बारा मिनिटं उशिरा आला, घरात बायको बाळंत झाली होती म्हणून. साहेबरावनं आधी त्याच्या हातचा पेढा खाल्ला, तोंड पुसलं आणि अर्धा दिवस कापला. गेणबा पुढं तीन वर्षं त्याच्याशी बोलला नाही. साहेबरावला त्याचं काही वाटलं नाही. "पेढा पेढ्याच्या जागी, मस्टर मस्टरच्या जागी," एवढंच म्हणायचा.

मी त्याचा शेजारी. हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो, आता रिटायर आहे, गाव मला मास्तर म्हणतं. त्याची पोरगी पायल माझी विद्यार्थिनी. त्यांच्या घरात छप्पन साली धम्म आला आणि त्याच्या मागोमाग पाटी-पेन्सिल आली. साहेबराव त्या घरातला पहिला मॅट्रिक. पायल घरातलीच काय, आमच्या आळीतली इंग्लंडला गेलेली पहिली. सार्वजनिक आरोग्यातली एक वर्षाची मोठी पदवी घ्यायला गेली. गाडीत बसताना ताईबाई, तिची आई, रडली. साहेबरावनं मात्र घड्याळात बघून सांगितलं, "एक पंचवीसला निघाली."

तिथं शिकता शिकता तिला एका वृद्धाश्रमात काम मिळालं. म्हाताऱ्यांना उठवायचं, भरवायचं, गोळ्या द्यायच्या. पण परदेशी विद्यार्थ्यांना तिकडं नियम आहे. शिक्षण चालू असताना आठवड्याला वीस तास काम, त्याच्या वर नाही. शिक्षण संपलं की वेगळा परवाना काढायचा, मग दोन वर्षं पाहिजे तेवढं काम करायला मोकळीक. पायलचा सगळा जीव त्या दोन वर्षांत अडकला होता. तिकडच्या आरोग्य खात्यात दोन वर्षं काढली असती तर पुढं तिला कुणी अडवलं नसतं. ती मला म्हणायची, "सर, ही दोन वर्षं मिळाली ना, मग बघा."

आणि मग तो रविवार आला. मी साहेबरावच्या ओट्यावर चहा पीत होतो. पायलचा फोन आला. आश्रमातल्या दोन बायका आजारी पडल्या होत्या, मॅनेजर हातापाया पडत होती. "आबा, ह्या आठवड्याला सव्वीस तास व्हतील. फुडच्या आठवड्याला चौदाच करीन. चालंल का?"

साहेबरावनं डोळे मिटून गणित केलं. त्यानं आयुष्यभर हेच केलं होतं. गळीत हंगामात कामगारांच्या सुट्ट्या मोडायच्या, जादा तास चढवायचे, आणि हंगाम संपला की बदली रजा देऊन उतरवायचे. चढवायचं आणि उतरवायचं, कागद सरळ.

"चालतंय की," तो म्हणाला. "सव्वीस नि चौदा चाळीस. सरासरी वीस. म्हैन्याचं मस्टर बंद व्हायच्या आत उतरव म्हंजे झालं. आन् वर एक तास कमीच धर, आपल्या अंगावर यायला नको."

मी तिथंच बसलो होतो. इंग्रजीचा मास्तर! तिच्या फोनवर तो नियम होता, 'मला पाठव गं, वाचून बघतो' एवढं म्हणायला माझी जीभ झिजली असती? पण मला वाटलं, एकतीस वर्षं तास मोजलेला माणूस सांगतोय, त्याला काय शिकवायचं. चहा संपवला आणि घरी आलो.

असं तीनदा झालं. तीन आठवड्यांत जास्त, त्याच्या पुढच्या तिन्हींत कमी. अख्ख्या वर्षाची सरासरी काढली तर पोरीनं अठराच तास भरले असतील. तिच्याच खोलीतली पोरं हॉटेलात रोख पैशावर चाळीस-चाळीस तास राबत होती. त्यांची कुठंच नोंद नव्हती, त्यांना कुणी काही विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी!

निकाल चांगला लागला. पायलनं दोन वर्षांच्या परवान्यासाठी अर्ज केला. महिन्याभरात उत्तर आलं : अमुक तीन आठवड्यांत वीसपेक्षा जास्त तास दिसतात, खुलासा करा. तेव्हा आम्हाला कळलं की तिकडं सोमवार ते रविवार हाच काय तो आठवडा. सरासरी नाही, चढ-उतार नाही. ह्या आठवड्याचं पाप ह्याच आठवड्यात.

पायल म्हणाली, "मी लिहिते, चूक झाली, माफ करा, पुन्हा होणार नाही." तिथल्या एका वकीलबाईनंही तेच सांगितलं होतं. थोडकं लिही, चूक कबूल कर, जास्त पाल्हाळ लावू नको.

साहेबराव भडकला. "चूक? कुणाची चूक? मी सांगितलं म्हंजे नियमानंच हाय. तिकडच्या सायबाला कुणी नीट समजावलंच न्हाय. मी लिवतो."

चार फुलस्केप लिहिले त्यानं. वर नाव, हुद्दा, एकतीस वर्षं बेदाग सेवा. मग तक्ता. कुठल्या आठवड्यात किती तास चढवले, कुठल्या आठवड्यात उतरवले, प्रत्येक ओळीला पट्टी मारलेली. खाली : 'वरील तास माझ्या सल्ल्याने आधी ठरवून समायोजित केले असून मुलीचा कोणताही दोष नाही. सबब दोष द्यायचा असल्यास मला द्यावा.' सेवेचा दाखला आणायला कारखान्यात दोन खेपा घातल्या. मग सगळं माझ्यासमोर ठेवलं. "मास्तर, हे इंग्रजीत करा. शब्द गाळू नका."

एकही शब्द गाळला नाही मी. चांगलं इंग्रजी केलं, मेल्यानं.

दुसऱ्या दिवशी पायलचा फोन मला एकट्याला. "सर, आबांचं पत्र जोडू का नको? मला भ्या वाटतंय." ती शिकलेली होती, तिला वास लागला होता. मलाही लागला होता. पण साहेबराव ओट्यावर ताईबाईला तो तक्ता समजावून सांगत होता, आणि ते मला खिडकीतून दिसत होतं. मी म्हणालो, "जोड. बापाचं मन मोडू नको."

त्या वाक्यासाठी मला जोड्यानं मारायला पाहिजे. बापाचं मन राखायला मी पोरीचं नशीब लावलं पणाला. माझ्या बापाचं काय जात होतं!

अर्ज नामंजूर झाला. पायलनं निकालाचा कागद मला पाठवला आणि लगेच फोन केला. आवाज अगदी कोरडा होता. "सर, तिसऱ्या परिच्छेदात आबांच्या पत्राचं लिहिलंय. आबा तुमच्याकडून वाचून घेतील. ती ओळ वाचू नका."

मी वाचलं. लिहिलं होतं : अर्जदाराच्या वडिलांच्या निवेदनावरून स्पष्ट होते की तास मर्यादेबाहेर जाणार हे अर्जदाराला आधी माहीत होते आणि ते योजना करून केले गेले. सबब ही अनवधानाने झालेली चूक मानता येत नाही.

संध्याकाळी साहेबराव आला, धुतलेला सदरा घालून. "वाचा." मी वाचलं. पहिला परिच्छेद, दुसरा, आणि मग सरळ चौथा. मुलांना 'गाळू नका, गाळू नका' सांगत चौतीस वर्षं काढली मी. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "माझ्या पत्राचं?"

"काही नाही लिहिलेलं."

"वाचलंच न्हाय म्हना की!" त्याला एकदम हुशारी आली. "म्हंजे पोरगी नियमात बसत न्हाय असं न्हाय. सायबानं कागूदच वाचला न्हाय!"

पायल परत आली. फेरतपासणी मागितली होती, तीही फेटाळली गेली. आता इंदापुरात एका खाजगी दवाखान्यात आहे. सकाळी आठला जाते, सुटायला रात्रीचे आठ होतात, आठवड्याचे सहा दिवस. बहात्तर तास. मस्टरवर अठ्ठेचाळीस लिहितात आणि सही घेतात. तिकडं तीन आठवडे सहा-सहा तास जास्त झाले म्हणून हाकललं, हितं दर आठवड्याला चोवीस जास्त होतात त्याचं कुणाला सुतक नाही. साहेबराव एकदा तिथं भांडायला निघाला होता, पायलनंच हाताला धरून बसवला.

आता तो नवं पत्र लिहितो. दर दोन-तीन महिन्यांनी एक. परवा रविवारी चौथं घेऊन आला. पायल सुट्टीची, ओट्यावर शेंगा निवडत होती. "मास्तर, ह्येबी इंग्रजीत करा. ह्या टायमाला रजिस्टर पोस्टानं धाडू, सही घेऊनच देत्यात. न वाचून जातोय कुठं सायब?"

मी पायलकडं बघितलं. मला वाटलं, आता सांगते. सांगावं असंच वाटलं मला, खरं सांगतो. एकदाचं फुटू दे म्हणालो मनात.

"पयलं पत्र वाचलं असतं ना," साहेबराव तिच्याकडं वळून म्हणाला, "तर आज तू तितं असतीस. व्हय का न्हाय गं?"

पायलनं सूप झटकलं. "व्हय आबा," ती म्हणाली. "वाचलंच न्हाय त्यांनी."

आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "सर, करून द्या त्यांना इंग्रजीत."