निळ्या माशाचा कोपरा

बंगळुरात राजाजीनगरहून रोज इलेक्ट्रॉनिक सिटीला जाणाऱ्या माणसाने खाऱ्या पाण्याचे मासे पाळू नयेत. मला हे फार उशिरा कळलं. संध्याकाळी बसमधून उतरून, अंग मोडून घरी यायचं आणि चहाच्या आधी पाण्याचा खारेपणा मोजायचा, काच पुसायची, कोण कोणाला चावलंय ते बघायचं. गेल्या वर्षी यात घरातल्या भांडणांची भर पडली, कारण आई पुण्याहून कायमची आमच्याकडे राहायला आली.

ती बाथरूममध्ये पडली होती. लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर तिला पुन्हा एकटं ठेवायचं नाही असं मी ठरवलं. नवरा लगेच हो म्हणाला. पण घर सासूबाईंचं. त्यांना मी अम्मा म्हणते. त्यांचं घराणं इतक्या पिढ्या बंगळुरात आहे की त्यांच्या मराठीत कानडी कुठे सुरू होतं ते त्यांनाही सांगता येणार नाही. आईला त्या आदराने अक्का म्हणायच्या, आणि वयाने आपणच लहान आहोत हे आई दर वेळी माझ्या कानात सांगायची.

खरा तिढा स्वयंपाकघरात होता. अम्मा वाकडं काही बोलत नसत. पण आईने एखादा डबा उघडला की त्या उठून यायच्या, झाकण लावायच्या आणि डबा होता तिथे ठेवायच्या. आईने पोळपाट काढला की, "राहू द्या अक्का, मी करते." शेवटी आई आत जायचीच थांबली. हाक मारली की पाहुण्यासारखी पानावर येऊन बसायची. दिवाळी झाल्यावर ती म्हणाली, "मी जाते गं पुण्याला. इथे मला नुसतं बसवून ठेवलंय." तिकिटासाठी ती माझ्या मागे लागली. दोघींपैकी एकीलाही समजावण्याचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. काढते, काढते म्हणत मी दिवस ढकलत होते.

त्याच सुमारास मी टाकीत एक फायरफिश आणला. मी मासा उगाच उचलून आणत नाही. प्रवाळ कुरतडणारे नकोत, छोट्यांना गिळणारे नकोत, असं सगळं बघून, इथल्या, बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या दुकानात खेपा घालून हा पांढऱ्या अंगाचा, लाल शेपटीचा भित्रा जीव निवडला होता. त्याचं कोणाशीही वाकडं नसतं. पण टाकीत सगळ्यांच्या आधी आलेला एक निळा डॅमसेल होता, जेमतेम बोटाएवढा. चिवट मासा, म्हणून नवशिक्यांच्या गळ्यात मारतात तो, तसा माझ्याही मारला होता. त्याने सगळी टाकी आपल्या नावावर करून घेतली होती. फायरफिश दगडाआडून बाहेर आला की हा अंगावर धावून जायचा. असे घाबरलेले फायरफिश उडी मारून टाकीबाहेर पडतात आणि मरतात. मी वर झाकण लावलं, तर बिचारा झाकणावर डोकं आपटत राहिला.

एका रविवारी वैतागून मी बाह्या वर केल्या. एकेक दगड प्रवाळांसकट बाहेर काढून बादल्यांत ठेवला आणि डॅमसेलला जाळीच्या डब्यात कोंडलं. अम्मा खुर्ची ओढून बघत बसल्या.

"त्याला टाकून देतीस काय गं?"

"नाही अम्मा. दगड वेगळे रचायचे. मग त्याला आपली जागा कुठली तेच कळत नाही. दोघंही टाकीत नवे होतात."

"मग भांडत नाहीत?"

"कमी भांडतात. कधी कधी एवढं करूनही काही उपयोग होत नाही."

"सरी, बरं," अम्मा म्हणाल्या. माझी पाठ भरून आली तरी त्या तिथेच बसून होत्या.

जाळीतून सोडल्यावर निळा दोन-तीन दिवस बावचळून फिरत होता. तेवढ्यात फायरफिशने एक कपार धरली. मला जरा बरं वाटलं. पण आईने काही माझा पिच्छा सोडला नाही, आणि त्याच आठवड्यात मी तिचं तिकीट काढलं. तिने बॅग भरून दाराशी आणून ठेवली.

निघायच्या आदल्या दिवशी मी भाजी घेऊन आले तर ओट्यावर, जमिनीवर, टेबलावर डबेच डबे. अम्मांनी कामवालीला हाताशी धरून अख्खी मांडणी रिकामी केली होती आणि आता सगळं भलतीकडे लावत होत्या. मिसळणाचा डबा इंचभर सरकवायची माझी कधी हिंमत झाली नव्हती. तो सगळ्यात वरच्या फळीवर गेला होता. पोह्यांच्या जागी सांबारपूड होती.

"अम्मा, हे काय?"

"नवीन मांडलं," त्या दम खात म्हणाल्या. "अक्कांना बोलाव. चहा करू."

आई येऊन दारातच उभी राहिली. अम्मांनी पाणी ठेवलं, सवयीने साखरेकडे हात नेला, तर हरभऱ्याची डाळ निघाली. त्यांनी दुसरा डबा उघडला, मग तिसरा. डोळे मिटून आमटीत मीठ घालणारी ही बाई आपल्याच स्वयंपाकघरात साखर शोधत होती. मदतीला मात्र मी पुढे झाले नाही.

"स्वल्प बघा अक्का," अम्मा वळून म्हणाल्या, "कुठे ठेवली, मलाच सापडंना झालीय."

आईने पदर खोचला आणि आत गेली. "आधी हे डबे पुसून घेऊ," ती म्हणाली. "किती चिकट झालेत."

अम्मांनी तिच्या हातात फडकं दिलं.

मी बाहेरच्या खोलीत जाऊन तिकीट रद्द केलं आणि भाजी पिशवीतच ठेवून सोफ्यावर आडवी झाले.