गोष्टीच्या रकान्यातली चिठ्ठी
डिंकाचा वास आला की कळंबजवळच्या, मी शिकवते त्या शाळेतला वाचनाचा तक्ता आठवतो. अक्षर, शब्द, वाक्य, गोष्ट असे त्यात रकाने होते. मूल जिथवर वाचेल तिथं त्याच्या नावाची चिठ्ठी. सातवीतली एक मुलगी पहिलीच्या पोरांसोबत अक्षरांतच अडकलेली. तपासणीच्या आदल्या दिवशी मी तिची चिठ्ठी उचलून थेट गोष्टीत डकवली. साहेब खूश होऊन गेले. ती मात्र तक्त्यासमोरून हलेना. "बाई, माझी चिठ्ठी माघारी ठिवा की. न्हायतर तुमी मला आता शिकवणार न्हाय." "उद्या ठेवते," मी म्हणाले. दिवाळीनंतर ती आईबापासोबत ऊसतोडीला गेली, ती परत आलीच नाही. परवा तो जुना तक्ता उतरवला. बाकीच्या चिठ्ठ्या सहज सुटल्या. तिची निघेना, पडू नये म्हणून मीच डिंक जास्त लावला होता.