मामीनं मांजर आत घेतली

मामीचे ओठ जांभळे पडले होते आणि तशातही ती मला शिव्या देत होती. मी तिच्या खोलीचं दार ढकललं तर ते अर्धंच उघडलं. आतून ती दाराला पाय लावून जमिनीवर बसली होती. हात गुडघ्यांवर, खांदे कानांपर्यंत चढलेले. श्वास आत जात होता की नाही कळत नव्हतं, बाहेर येताना मात्र शिट्टी वाजत होती. कोपऱ्यातल्या सुपात मांजर पिल्लांना पाजत पडली होती.

"उठली काऊन तू? ओली बाळंतीण..." मग शिट्टी. "दार लाव. बोका बसून हाय तिकडे."

मामी म्हणजे माझी सासू. आमच्या घरी सुना सासूला मामी म्हणायच्या. गोरेगावच्या अलीकडचं आमचं गाव, सगळी धानाची शेती. अजून इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. गावात तिला मांजरवाली बुढी म्हणत. नाव ऐकून वाटावं, हिच्या मांडीवर मांजरं लोळत असतील. तसं नव्हतं. मांजर हातभर जवळ आलं की मामीचे डोळे सुजायचे, शिंकांवर शिंका यायच्या, थोड्या वेळानं छाती भरायची. आणि घरात मांजर नाही असा दिवस मी पाहिला नाही.

वैद्यानं तिला सांगितलं होतं, मांजरं काढा. मामी म्हणाली, "मग उंदरं धराले तू येतो काय?" वैद्य परत आमच्या घरी आला नाही.

मी लग्न होऊन यायच्या आधी तिनं एकदा मांजरं काढून पाहिली होती. पोत्यात घालून नाल्यापलीकडे सोडून दिली. त्या साली उंदरांनी धानाची ढोली बुडातून पोखरली. ढोली म्हणजे बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली उंच कणगी. आमचं पेरणीचं बियाणं तिच्यात असायचं. वरून हात घातला तर धान लागायचं, खाली नुसता कोंडा. घरानं त्या साली लोकांकडून मागून पेरणी केली. मग मामी स्वतः बाजाराला गेली आणि एक मांजर घेऊन आली. पोतं काठीच्या टोकाला बांधलेलं, काठी अंगापासून लांब धरलेली, नाकावर पदर. सारा बाजार हसला म्हणे. तिचं म्हणणं सरळ होतं. "बी गेलं का सारं घर उपाशी. दम लागला तर माह्या एकटीले लागते."

मग तिनं कायदे केले. मांजराला हात लावायचा नाही. दूधभाताची परळ पायानं सरकवायची. मांजर बसलेली जागा झाडायच्या आधी पाणी शिंपडायचं, म्हणजे केस उडत नाहीत. तिचं लुगडं अंगणात उंच बांबूवर वेगळं वाळायचं. माझं लुगडं एकदा त्याला चिकटून वाळत घातलं तर तिनं ते ओढून शेणाच्या टोपलीत टाकलं.

मांजरं धुतली की दोन दिवस डोळे बरे राहतात, हेही तिनंच शोधून काढलं होतं. धुवायचं काम सुनांचं. मी आणि माझी मोठी जाऊ, दोघी मिळून एकेक मांजर घागरीच्या पाण्यात बुडवायचो आणि मामी लांब ओट्यावर बसून हुकूम सोडायची. "मान धर, मान! लाडू वळून राहिली काय?" माझे हात कोपरापर्यंत ओरबाडून निघाले. मी रडले तर म्हणाली, "हळद लाव. तुले आता कोणी पाहाले येऊन नाही राहिलं."

स्वतःची खोली तिनं अशी बंद केली होती की माशीला वाट नव्हती. कौलांखालच्या फटी मातीनं बुजवलेल्या, दाराची फळी घट्ट, उन्हाळ्यात दार उघडं ठेवायचं तर बोरीची काटेरी फांदी आडवी. दम लागला की आत बसून चिलमीत धोतऱ्याची वाळलेली पानं ओढायची. त्या खोलीत एकदा मांजर शिरली म्हणून मोठ्या जावेला तिनं चुलीतल्या लाकडानं मारलं. जावेच्या दंडावर डाग शेवटपर्यंत होता.

तिनं माझं कौतुक कधी केलं नाही. पण माझ्या पुढचा भात कधी डोळ्यांनी मोजला नाही. त्या काळी सुनेला हे फार होतं.

पौषात मी बाळंत झाले. दायीनं सांगितलं, पोरगी. मामी दारातूनच म्हणाली, "रडते तर जोरात. राहील," आणि गेली. थंडी कडक होती, माझ्या बाजेखाली शेकाला विस्तव ठेवलेला. दुसऱ्या दिवशी त्याच उबेला आमची मांजर व्याली. पाहतो तर बाजेखाली चार पिल्लं.

दायी म्हणाली, "लेकराच्या तोंडाले दुधाचा वास. मांजर इथं नको."

पण आमच्याकडे असं मानत, एका छपराखाली दोघी व्याल्या तर एकीला पिल्लांची आंधळी नजर उघडेपर्यंत हाकलायचं नाही. हाकललं किंवा तिचं पिल्लू गेलं, तर दुसरीच्या लेकराला भोगावं लागतं. धान ठेवायच्या कोठीत ठेवावं तर तिथं गावचा बोका वळईवरून, म्हणजे तणसाच्या गंजीवरून, यायचा. तो पिल्लं खायचा, मागच्या खेपेची खाल्लीच होती. त्याला वाट नाही अशी घरात एकच खोली होती. मामीनंच ती तशी करून ठेवली होती.

तिनं सूप उचललं, नाकाला ओला पदर बांधला आणि पिल्लं आपल्या खोलीत नेली. मांजर मागोमाग गेली.

मी म्हटलं, "मामी, दार लावून तुमी बाहेर झोपा."

"मांजरीले बाहेर जा लागते, आत या लागते. दार कोण पाहाते? तुमचा भरोसा नाही मले. उघडं ठेवान."

मोठी जाऊ आणि घरचे सगळे मळणीला खळ्यावर होते, रात्री उशिरा येऊन मेल्यासारखे झोपत. दाराशी मामीच बसली. खोलीतली हवा तीच, चिलमीचा धूर तोच. डोळे इतके सुजले की तिला मी आवाजावरून ओळखू यायचे. मला मात्र टोमणा मारायला चुकली नाही. "हे पाय, तिनं चार काढले, कण्हली नाही. तू एकीसाठी सारं गाव उठवलं."

पिल्लांचे डोळे किलकिले होऊ लागले त्या दिवशी दुपारी शिट्टी भिंतीपलीकडून ऐकू यायला लागली, म्हणून मी उठून गेले. धोतऱ्याची पानं संपली होती. मी म्हटलं, आणते. "कुठं जातं? पोट्टी रडून राहिली तुही. जाय." मी म्हटलं, मांजर बाहेर टाकते. तिनं पाय दाराला आणखी रेटला.

पोरगी खरंच रडत होती. मी गेले, तिला पाजलं. ती झोपली तेव्हा भिंतीपलीकडे शांत होतं.

खळ्यावरून माणसं आली. दार पुरतं उघडेना, मामीचा पाय अडकलेला होता, तो काढून तिला बाहेर घेतली. अंगणात रडारड सुरू झाली. पुरुष तिला घेऊन गेले, बाया पाणी तापवायला लागल्या. खोलीचं दार उघडं राहिलं, कोणाच्या लक्षात नाही. संध्याकाळी मोठी जाऊ आत झाडायला गेली आणि हातातला झाडू टाकून बाहेर आली. बोक्यानं चारही पिल्लं खाल्ली होती. सुपात एका पिल्लाचं शेपूट तेवढं होतं.

ते ऐकून मी पोरीला उराशी घेऊन बसले. रात्रभर तिच्या नाकाशी बोट धरलं. महिना गेला, वर्ष गेलं. काही झालं नाही. भोगबिग काही लागलं नाही. मांजर थोडे दिवस ओरडत फिरली, मग कोठीत उंदीर धरायला लागली.

त्या पौषातून जगलो त्या तिघी. मी, माझी पोरगी आणि ती मांजर.